पोपमहोदयांच्या परदेशी सैन्याचा पराभूत सेनानी : जनरल लामोरिसिएर

रोमची तीर्थयात्रा करून परतलेले आमचे धर्मग्रामस्थ हौसेने छायाचित्रे दाखवतात. त्यांत संत पेत्र महामंदिराच्या बरोबरीने एक छायाचित्र हमखास असते. पिवळ्या, निळ्या व लाल पट्ट्यांच्या गणवेशातील स्विस गार्डचे. १५२७ साली रोमच्या लुटीत पोपमहोदयांचे रक्षण करताना १४७ स्विस सैनिकांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ ६ मे या दिवशी नव्या जवानांचा शपथविधी करण्याची परंपरा आहे. ती छायाचित्रे पाहताना अनेक जण आम्हांला विचारतात, की पोपमहोदयांचे खरोखरचे लढणारे सैन्य कधी होते काय? आणि असलेच, तर शांतीच्या प्रभूचा प्रतिनिधी सैन्य कशासाठी बाळगत होता?

प्रश्न साधा दिसतो, परंतु उत्तर साधे नाही. ते देण्यासाठी आम्ही आज वाचकांपुढे एका माणसाचे जीवन ठेवीत आहोत. हा माणूस संत नव्हता. ख्रिस्तसभेने त्याला वेदीचा मान दिलेला नाही. तो शिपाईगडी होता, त्याच्या हातून मोठ्या चुका घडल्या, आणि ज्या युद्धासाठी तो ख्रिस्ती जगतात ओळखला गेला ते युद्ध तो अवघ्या अठरा दिवसांत हरला. त्याचे नाव क्रिस्तोफ लेओं ज्युशो द लामोरिसिएर.

आफ्रिकेच्या भूमीवर

लामोरिसिएर यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८०६ रोजी फ्रान्समधील नांत या शहरी झाला. घराणे राजनिष्ठ व परंपरेने कॅथॉलिक होते. मुलगा बुद्धीने तल्लख निघाला. पॅरिसच्या सुप्रसिद्ध पॉलिटेक्निक विद्यालयात त्याचे शिक्षण झाले आणि तो सैन्याच्या अभियंता दलात दाखल झाला. परंतु क्रांतीनंतरच्या त्या काळात सुशिक्षित तरुणांमध्ये श्रद्धेविषयी औदासीन्य होते. नव्या समाजरचनेची स्वप्ने दाखवणाऱ्या विचारवंतांकडे हा तरुण ओढला गेला. बालपणीची प्रार्थना मागे पडली. ती पुन्हा ओठांवर येण्यास पुढे वीसहून अधिक वर्षे लागली.

१८३० साली फ्रान्सने अल्जियर्स जिंकले. त्या मोहिमेत हा चोवीस वर्षांचा अधिकारी होता. जिंकलेल्या मुलखात फ्रेंचांनी स्थानिकांची एक पलटण उभारली. काबिली डोंगरातील झुआवा नावाच्या टोळीतील लढवय्ये तिच्यात भरती झाले, म्हणून तिला झुआव्ह हे नाव पडले. सैल तुमान, आखूड जाकीट आणि डोक्याला गोंडेदार टोपी असा त्यांचा पोशाख होता. लामोरिसिएर या पलटणीत कप्तान म्हणून गेले आणि पुढे तिचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी, १८३१ च्या मार्च महिन्यात, फ्रान्सच्या राजाने परदेशी नागरिकांची एक स्वतंत्र पलटण स्थापन केली. फ्रेंच फॉरेन लीजन या नावाने ती जगभर प्रसिद्ध आहे. परक्या देशाच्या ध्वजाखाली लढणारी माणसे कशी असतात, त्यांना काय बांधून ठेवते व काय तोडते, याचे पहिले धडे लामोरिसिएर यांनी आफ्रिकेत गिरवले.

बहुतेक फ्रेंच अधिकारी दुभाष्यांवर विसंबून असत. लामोरिसिएर अरबी शिकले, लोकांत मिसळले. १८३३ साली स्थानिकांशी व्यवहार करण्यासाठी जे अरब कार्यालय स्थापन झाले, त्याचे ते पहिले प्रमुख होते. ऑक्टोबर १८३७ मध्ये कॉन्स्टंटिन या उंच कड्यावरील शहराला फ्रेंचांनी वेढा दिला. हल्ल्याच्या आदल्या दिवशी मुख्य सेनापती मारला गेला. दुसऱ्या दिवशी तटाला पडलेल्या खिंडारातून पहिली तुकडी घेऊन आत शिरले ते लामोरिसिएर. तेथे झालेल्या स्फोटात ते होरपळले आणि काही काळ त्यांची दृष्टी जाण्याची भीती होती. ते वाचले, आणि त्यांचे नाव फ्रान्समध्ये घरोघरी पोहोचले.

या कीर्तीची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवणार नाही. पुढे ओरान प्रांताचे प्रमुख असताना त्यांनी जी युद्धपद्धती राबवली ती क्रूर होती. शत्रूच्या टोळ्यांची जमिनीतील धान्याची पेवे रिकामी करायची, गुरेढोरे हाकून न्यायची आणि उपासमारीने त्यांना शरण आणायचे, अशी ती रीत होती. लढणाऱ्या पुरुषांबरोबर बायकामुलेही त्यात भरडली गेली. स्वतःची भूमी राखण्यासाठी लढणाऱ्या लोकांवर हा अन्याय होता.

दिलेला शब्द

त्या लोकांचा नेता होता अमीर अब्द अल-कादिर. तो विद्वान होता, धर्मनिष्ठ मुसलमान होता आणि अजोड योद्धा होता. पंधरा वर्षे त्याने फ्रेंचांना झुंजवले. डिसेंबर १८४७ मध्ये मोरोक्कोच्या सीमेवर तो कोंडीत सापडला. पावसाळी रात्र होती. शरणागतीच्या अटी कागदावर लिहिणेही शक्य नव्हते. अमीराने नुसती आपली मोहर उमटवलेला कोरा कागद लामोरिसिएर यांच्याकडे पाठवला. लामोरिसिएर यांनी उत्तरादाखल शब्दाची खूण म्हणून आपली तलवार पाठवली. अमीराची अट एवढीच होती, की त्याला परिवारासह अलेक्झांड्रिया किंवा आक्रा येथे, म्हणजे मुसलमानी मुलखात, जाऊ द्यावे. लामोरिसिएर यांनी ती मान्य केली. गव्हर्नर जनरल असलेल्या राजपुत्रानेही तिला दुजोरा दिला. त्या शब्दावर विश्वासून अमीर खाली उतरला.

हा शब्द फ्रान्सने पाळला नाही. जहाज पूर्वेकडे न जाता फ्रान्समधील तुलों बंदराला लागले. अमीर, त्याची वृद्ध माता, बायकामुले आणि सेवक कैदी झाले. पुढे त्यांना पो येथे व नंतर आंबुआझच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. त्या परक्या थंड हवेत आंबुआझ येथे परिवारातील २५ जण मरण पावले. त्यांत लहान मुलेही होती. लामोरिसिएर तोवर संसदेचे सभासद झाले होते. आपण दिलेल्या वचनाबद्दल त्यांना तेथे खुलासा करावा लागला. त्याच वर्षी, १८४८ च्या जून अखेरीस, ते फ्रान्सचे युद्धमंत्री झाले. शब्द पाळण्याचा अधिकार आता त्यांच्याच हाती आला होता. परंतु देशात अस्थैर्य होते, आफ्रिकेत पुन्हा बंड पेटेल अशी धास्ती होती, आणि मंत्रिपदाचे सहा महिने संपले तरी अमीर कैदेतच राहिला.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सविस्तर सांगितला. लामोरिसिएर यांच्या पुढील आयुष्याचा अर्थ त्यावाचून उमगत नाही, असे आमचे मत आहे.

तुरुंग, हद्दपारी आणि श्रद्धा

डिसेंबर १८५१ मध्ये लुई नेपोलियन याने बळाने सत्ता हाती घेतली. २ डिसेंबरच्या पहाटे विरोधी सेनापतींना त्यांच्या घरांतून अटक झाली. त्यांत लामोरिसिएर होते. त्यांना प्रथम हॅमच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि मग देशाबाहेर घालवण्यात आले. नव्या सत्ताधीशाशी एकनिष्ठतेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला. पद गेले, पगार गेला, सैन्य गेले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते ब्रुसेल्स शहरात निर्वासित होऊन बसले.

ऑक्टोबर १८५२ मध्ये आणखी एक घटना घडली. ज्या लुई नेपोलियनने लामोरिसिएर यांना कैद केले होते, तोच स्वतः आंबुआझला गेला आणि त्याने अब्द अल-कादिरला मुक्त केले. लामोरिसिएर यांनी दिलेला शब्द त्यांच्या वैऱ्याने पाळला. परदेशात बसलेल्या त्या सेनानीच्या मनात तेव्हा काय आले असेल याची आम्ही केवळ कल्पना करू शकतो. आता बंदिवास आणि देशाचा वियोग म्हणजे काय, हे त्यांनाही कळले होते.

ब्रुसेल्समधील त्या रिकाम्या वर्षांत लामोरिसिएर बालपणीच्या श्रद्धेकडे वळले. ते भावनेच्या भरात परतले नाहीत. अभियंत्याने एखाद्या पुलाचे खांब तपासावे तशी त्यांनी ख्रिस्ती शिकवण अभ्यासली, शंका विचारल्या, ग्रंथ वाचले. पटल्यावर मात्र त्यांनी आडपडदा ठेवला नाही. प्रायश्चित्त संस्कार घेऊन ते पवित्र मिस्सेला उघडपणे जाऊ लागले. जुने मित्र चकित झाले, काहींनी थट्टाही केली. आधीच परीक्षा संपलेली नव्हती. त्यांना पुत्रवियोगाचे दुःख सोसावे लागले. १८५७ साली मायदेशी परतण्याची अनुमती मिळाली ती या दुःखाच्या छायेतच. ते आमिएँ शहराजवळ प्रूझेल या खेड्यात शेतीवाडी पाहत शांतपणे राहू लागले.

रोमचे बोलावणे

त्या काळी मध्य इटलीचा मोठा भूभाग पोपमहोदयांच्या राज्यात मोडत असे. हे राज्य हजार वर्षांहून जुने होते. पोपमहोदय स्वतंत्र राजे असले तरच कोणताही सम्राट त्यांच्यावर दडपण आणू शकणार नाही, असे बहुसंख्य कॅथॉलिकांना वाटे. दुसरीकडे तुकड्यातुकड्यांत विभागलेल्या इटलीला एक राष्ट्र व्हायचे होते. त्या चळवळीतील पुष्कळ लोकही बाप्तिस्मा झालेले कॅथॉलिकच होते, हे विसरता कामा नये. १८५९-६० मध्ये रोमान्या प्रांत पोपमहोदयांच्या हातून गेला आणि उरलेले राज्यही धोक्यात आले.

पोप नववे पायस यांचे लष्करी मंत्री मोन्सिन्योर झाविये द मेरोद हे बेल्जियन धर्मगुरू होते. धर्मगुरू होण्यापूर्वी ते सैन्यात अधिकारी होते व अल्जीरियात लढले होते. १८६० च्या आरंभी ते प्रूझेलला आले आणि त्यांनी लामोरिसिएर यांच्यापुढे पोपमहोदयांच्या सैन्याचे नेतृत्व ठेवले. सैन्य दुबळे होते, शत्रू बलाढ्य होता. यशाची आशा फार थोडी, हे लामोरिसिएर यांच्यासारख्या अनुभवी माणसाला दिसत नव्हते असे नाही. तरीही त्यांनी होकार दिला आणि एप्रिल १८६० मध्ये ते रोमला रुजू झाले.

त्यांचे नाव ऐकताच कॅथॉलिक युरोपातून तरुणांचा ओघ सुरू झाला. फ्रान्स व बेल्जियममधून उमरावांचे पुत्र आले तसे शेतकऱ्यांचेही आले. ऑस्ट्रियातून पलटणी भरती झाल्या. स्वित्झर्लंडचे सैनिक आधीपासून होते. आयर्लंडमधून हजाराहून अधिक जण आले. ब्रिटिश कायद्याने परक्या सैन्यात भरती होण्यास बंदी होती, म्हणून त्यांतले अनेक जण मजूर किंवा यात्रेकरू म्हणवून निघाले. सेंट पॅट्रिक या नावाने त्यांची पलटण उभी राहिली आणि मेजर माइल्स ओ'रायली तिचे प्रमुख झाले.

हे सैन्य कागदावर गोंडस दिसले तरी प्रत्यक्षात त्याची अवस्था बिकट होती. एका पलटणीला जर्मनमध्ये हुकूम द्यावा लागे, दुसरीला फ्रेंचमध्ये, तिसरीला इटालियनमध्ये. बंदुका जुन्या, गणवेश अपुरे, रसदीची व्यवस्था नावापुरती. आयरिश तरुणांना कित्येक आठवडे धड कपडेही मिळाले नाहीत. सगळेच भक्तिभावाने आले होते असेही नाही. काही साहसासाठी आले, काही पगारासाठी. लामोरिसिएर पाच महिने अहोरात्र राबले. त्यांनी आंकोना बंदराची तटबंदी दुरुस्त केली, तोफा जमवल्या, तुकड्यांना कवायत दिली. त्यांना अपेक्षा होती ती गारिबाल्दीच्या स्वयंसेवकांच्या टोळ्यांशी व अंतर्गत बंडांशी सामना होईल अशी.

त्याच उन्हाळ्यात, जुलै १८६० मध्ये, दमास्कस शहरात ख्रिस्ती लोकांची भीषण कत्तल सुरू झाली. अब्द अल-कादिर तेव्हा तेथेच राहत होता. तो आपल्या अल्जेरियन साथीदारांसह रस्त्यावर उतरला, हजारो ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना त्याने आपल्या वाड्यात आसरा दिला आणि जमावाला अडवून धरले. ख्रिस्ती राष्ट्राने ज्याला दिलेला शब्द मोडला होता, त्याने ख्रिस्ती लोकांचे प्राण वाचवले. पोप नववे पायस यांनी त्याला सन्मानचिन्ह पाठवले.

लोरेतोची सकाळ

११ सप्टेंबर १८६० रोजी पिएमोंत राज्याच्या नियमित सैन्याने पोपमहोदयांच्या राज्याची सीमा ओलांडली. तीस हजारांहून अधिक प्रशिक्षित सैनिक दोन दिशांनी आत शिरले. लामोरिसिएर यांचे सैन्य ठिकठिकाणच्या ठाण्यांत विखुरलेले होते. फ्रान्स या आक्रमणाला विरोध करील असा समज रोमहून आलेल्या निरोपांमुळे झाला होता, परंतु मदतीस कोणी आले नाही. दुसऱ्यांच्या शब्दावर विसंबून राहण्याची पाळी या वेळी लामोरिसिएर यांच्यावर आली.

जी काही पथके हाती लागली ती घेऊन ते आंकोनाच्या दिशेने निघाले. वाटेत लोरेतो हे तीर्थस्थान लागते. नाझरेथ येथील पवित्र मारियेचे घर तेथे आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. आपल्या देशातील लोरेटो धर्मभगिनींच्या नावातून ते ठिकाण आपल्याला परिचित आहे. १८ सप्टेंबरच्या सकाळी अनेक सैनिकांनी तेथे ख्रिस्तप्रसाद स्वीकारला आणि ते रणांगणाकडे चालू लागले.

कास्तेलफिदार्दोच्या टेकड्यांवर जनरल चियाल्दिनीच्या सैन्याने वाट रोखली होती. जनरल पिमोदां यांनी पहिला हल्ला चढवला. फ्रेंच-बेल्जियन तरुणांनी उतारावरील शेतघरे जिंकली आणि ती चिवटपणे राखली. परंतु मागून आधार द्यायला हव्या होत्या त्या काही पलटणी तोफांच्या माऱ्याखाली गोंधळल्या आणि पळत सुटल्या. पिमोदां जखमांनी मरण पावले. काही तासांतच सारे संपले. आदल्याच दिवशी स्पोलेतो येथे ओ'रायली व त्यांच्या आयरिश सैनिकांनीही शर्थीने लढून अखेर शस्त्रे खाली ठेवली होती.

लामोरिसिएर मूठभर घोडेस्वारांसह समुद्राकाठच्या डोंगरवाटेने आंकोनाला पोहोचले. त्या शहराला जमिनीवरून सैन्याने आणि समुद्रातून अ‍ॅडमिरल पेर्सानोच्या आरमाराने वेढले. तोफांचा भडिमार असह्य झाला आणि २९ सप्टेंबर रोजी त्यांनी शरणागती पत्करली. कॉन्स्टंटिनचा विजेता आता युद्धकैदी होता. बारा वर्षांपूर्वी अमीराची तलवार स्वीकारणाऱ्याला स्वतःची तलवार ठेवावी लागली. नशिबाने त्यांच्याशी झालेला करार पाळला गेला आणि ते सुटून फ्रान्सला परतले.

पराभवातून उरलेले

कास्तेलफिदार्दोवर टिकून राहिलेल्या फ्रेंच-बेल्जियन पलटणीतून १ जानेवारी १८६१ रोजी पोपमहोदयांचे झुआव्ह दल निर्माण झाले. नाव आणि पोशाख दोन्ही आफ्रिकेतून आले. डोंगराळ मुसलमान टोळीचे नाव आता पोपमहोदयांचे सैनिक मिरवू लागले. पुढील दहा वर्षांत दहा हजारांहून अधिक स्वयंसेवक या दलात येऊन गेले. त्यांत एकट्या नेदरलँड्समधून तीन हजारांहून अधिक होते. त्यांच्या देशाच्या कायद्याप्रमाणे परक्या सैन्यात गेल्यामुळे त्यांचे नागरिकत्व गेले, तरीही ते आले. कॅनडातील क्वेबेकमधूनही सुमारे ५०० तरुण समुद्र ओलांडून आले.

या दलाच्या लढायांपेक्षा एक वेगळी घटना आमच्या मनात घर करून आहे. १८६७ च्या उन्हाळ्यात रोमजवळील आल्बानो गावी कॉलऱ्याची साथ आली. गावकरी घाबरून पळाले. मृतदेह रस्त्यांवर, घरांत पडून राहिले. तेथील बिशप कार्डिनल आल्तिएरी आजाऱ्यांची सेवा करायला गेले व स्वतः साथीला बळी पडले. तेव्हा झुआव्ह सैनिकांनी बंदुका बाजूला ठेवल्या, रुग्णांची शुश्रूषा केली आणि प्रेते खांद्यावर वाहून पुरली. त्यांच्यापैकीही काही जण त्यात मरण पावले.

२० सप्टेंबर १८७० रोजी इटलीचे सैन्य रोमच्या तटापुढे उभे राहिले. व्यर्थ रक्तपात नको म्हणून पोप नववे पायस यांनी केवळ नाममात्र प्रतिकाराची आज्ञा दिली होती. पोर्ता पिया येथे तटाला खिंडार पडताच पांढरे निशाण लागले. दुसऱ्या दिवशी झुआव्ह सैनिकांनी संत पेत्र चौकात पोपमहोदयांचा अखेरचा आशीर्वाद घेतला आणि ते आपापल्या देशी निघून गेले.

लामोरिसिएर यांना हा शेवट पाहावा लागला नाही. सप्टेंबर १८६५ मध्ये प्रूझेलच्या घरी एका रात्री त्यांना अचानक अस्वस्थ वाटू लागले. त्यांनी धर्मगुरूंना बोलावणे धाडले आणि हाती क्रूस घेतला. त्याच अवस्थेत एकोणसाठाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ऑर्लेआँचे बिशप द्युपांलू यांनी त्यांच्या स्मरणार्थ प्रवचन केले. नांतच्या कॅथेड्रलमध्ये शिल्पकार पॉल द्युब्वा यांनी घडवलेले त्यांचे भव्य स्मारक आहे.

आम्हांला काय वाटते

मग सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर काय? आज मागे वळून पाहता आम्हांला असे दिसते, की पोपमहोदयांचे राज्य गेले ते ख्रिस्तसभेच्या हिताचेच झाले. १९२९ च्या लॅटरन करारान्वये व्हॅटिकन हे चिमुकले स्वतंत्र राज्य बनले. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी उरलीसुरली शस्त्रधारी दलेही विसर्जित केली, फक्त स्विस गार्ड ठेवले. ज्यांच्या हाती एकही तोफ नाही अशा पोपमहोदयांचा शब्द आज सारे जग अधिक आदराने ऐकते. १८६० साली हे कोणाला दिसत नव्हते. आपल्या काळातील लोकांना जे दिसत नाही ते न दिसल्याबद्दल त्यांना दोष देणे सोपे असते. आपल्यालाही आज काय दिसत नाही, हे आपली नातवंडे सांगतील.

लामोरिसिएर यांनी चुकीच्या गोष्टीसाठी तलवार उपसली असे कोणी म्हणेल, तर आम्ही वाद घालणार नाही. परंतु पद, मान आणि विजय यांची आशा नसताना, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, दिलेला शब्द शेवटपर्यंत निभावणारा माणूस आम्हांला त्यांच्यात दिसतो. तरुणपणी दिलेला एक शब्द त्यांना पाळता आला नव्हता. त्याची भरपाई दुसऱ्या शब्दाने होत नाही, हे खरे. अमीराच्या परिवाराच्या त्या २५ कबरी आंबुआझला आजही साक्ष देत उभ्या आहेत. मात्र माणूस जेथे चुकला तेथेच कायमचा थांबत नाही, देव त्याला पुन्हा हाक मारतो, हेही तितकेच खरे.

आपल्यापैकी कोणावर सैन्य चालवण्याची वेळ येणार नाही. शब्द देण्याची वेळ मात्र रोज येते. विवाहाच्या वेदीपुढे आपण शब्द देतो, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलांच्या वतीने देतो, शेजाऱ्याला देतो, कामावर ठेवलेल्या गरिबाला देतो. तो पाळण्याचे बळ आपणां सर्वांना लाभो, आणि जेथे आपण तो मोडला आहे तेथे परत जाऊन क्षमा मागण्याची नम्रताही प्रभू आपल्याला देवो, हीच प्रार्थना.